स्टॅनफर्डचा तुरुंग शिकवायचा की वगळायचा?

कृष्णाकाठ

कराडजवळच्या एका कॉलेजात एस.वाय.बी.ए.ला सामाजिक मानसशास्त्र शिकवते. मिलग्रॅमचे विजेचे धक्के (वरून हुकूम आला तर माणूस दुसऱ्याला कुठवर धक्के देतो, हा प्रयोग; धक्के खोटेच होते) झाले की पाठोपाठ झिंबार्डोचा तुरुंग येतो, म्हणजे स्टॅनफर्ड विद्यापीठात तरुणांना कैदी आणि रक्षक बनवून केलेला लुटुपुटीच्या तुरुंगाचा प्रयोग. एरवी मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेली पोरं तुरुंग म्हटलं की माना वर करतात. या वर्षी एका मुलीनं विचारलं, "मॅडम, आपण नाटक केलं असं त्यातला एक कैदीच म्हणतोय ना? मग आम्ही हे पेपरात खरं म्हणून लिहायचं का?" पुढच्या तासाला सांगते म्हटलंय, आणि तो तास गुरुवारी आहे.

आमचे विभागप्रमुख म्हणतात, "१९७१ सालचा प्रयोग, तेव्हा नीतिनियम नव्हते, एवढं सांगा आणि पुढे सरका." मला ते पटत नाहीये. जाणकारांनी सांगावं.

निवृत्त मास्तर

ताई, तुरुंग ठेवा, विभागप्रमुखांचं वाक्य तेवढं गाळा. नियम होते. सहभागी माणसाला प्रयोग मधेच सोडता आला पाहिजे, हे माणसांवरच्या प्रयोगांचे नियम सांगणाऱ्या १९४७च्या न्यूरेंबर्ग संहितेत आहे. शिवाय या प्रयोगाला स्टॅनफर्डच्या समितीची रीतसर मंजुरी होती. कागद होते, ते पाळायला कोणी नव्हतं.

कैदी क्रमांक ८६१२चं उदाहरण घ्या, म्हणजे डग्लस कोर्पी. पंधरा डॉलर रोज मिळतील आणि कोठडीत बसून जीआरईचा (पुढच्या शिक्षणाच्या प्रवेशपरीक्षेचा) अभ्यासही होईल, या हिशेबानं तो आला होता. पुस्तकं मिळाली नाहीत, तेव्हा त्यानं बाहेर सोडा म्हटलं. सोडेनात. मग आरडाओरडा करून नाटक केलं, तेव्हा कुठे सुटला. हे त्यानं २०१८मध्ये पत्रकार बेन ब्लूम यांना सांगितलं. त्यावर झिंबार्डोंचा खुलासा असा की "मी प्रयोग सोडतो" हेच शब्द म्हणायला हवे होते. संमतीपत्रात अशी अट कुठेच नाही!

मी एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या नीती समितीवर सामाजिक शास्त्रांचा सदस्य म्हणून बसतो. मराठी संमतीपत्र हातात आलं की आधी शेवटचं पान उलटतो आणि "कोणतेही कारण न देता कधीही माघार घेता येईल" हे वाक्य शोधतो. एकात त्या जागी "शक्यतो अभ्यास अर्धवट सोडू नये" असं होतं. परत पाठवलं. गाइड महाशय चिडले, एवढ्या तेवढ्यासाठी महिना गेला म्हणाले. जाऊ दे की.

आता विज्ञानाकडे या. रक्षक आपणहून क्रूर झाले, हा या प्रयोगाचा डंका. पण आदल्या दिवशी झिंबार्डोंनी रक्षकांना काय सांगितलं? कैद्यांमध्ये भीती निर्माण करा, त्यांना हतबल वाटलं पाहिजे. डेव्हिड जॅफी हा वॉर्डन म्हणजे तिथलाच पदवीचा विद्यार्थी. जॉन मार्क नावाचा रक्षक मवाळ वागतोय म्हणून जॅफी त्याला कडक हो म्हणून समजावत होता, त्याची टेप स्टॅनफर्डच्या संग्रहात आहे. तिबो ल तेक्सिए यांनी हे कागद आणि टेपा धुंडाळून २०१९मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिस्ट या नियतकालिकात सगळं मांडलं. रक्षकांना तर आपल्यावरही प्रयोग चाललाय याची कल्पनाच नव्हती. त्यांना वाटत होतं की आपण संशोधकांच्या बाजूचे.

म्हणजे बघा, जिथे माणसं फसवली गेली तिथेच निष्कर्षही फसला. कैद्याला बाहेर पडता येत नाही आणि रक्षकाला वरून सूचना येताहेत, मग मोजलं काय? वर झिंबार्डो स्वतःच तुरुंग अधीक्षक. आपणच पेपर काढायचा आणि आपणच सोडवायचा! मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाक यांनी खडसावलं म्हणून दोन आठवड्यांचा खेळ सहा दिवसांत आटोपला. हे नाव पोरांना जरूर सांगा. नोट्समध्ये एका ओळीत उरकतात.

आकडेमोड

मास्तरांशी सहमत. एक भर घालतो. २००७मध्ये कार्नाहन आणि मॅकफार्लंड यांनी दोन जाहिराती दिल्या. एकीत झिंबार्डोंच्या जाहिरातीसारखं "तुरुंगातील जीवनाचा" अभ्यास असं लिहिलेलं, दुसरीत ते शब्द काढलेले. पहिलीला प्रतिसाद देणारे आक्रमकता, हुकूमशाही वृत्ती आणि आत्मप्रेमात वरचढ निघाले, सहानुभूतीत कमी. म्हणजे चाळणी जाहिरातीपासूनच लागते.

पण या एका तुरुंगापायी सगळं मानसशास्त्र झोडपू नका. मिलग्रॅमवरही आक्षेप पुष्कळ आहेत, तरी २००९मध्ये जेरी बर्गर यांनी १५० व्होल्टला थांबून प्रयोग पुन्हा केला आणि ७० टक्के लोक त्यापुढे जायला तयार होते. १०० अभ्यास पुन्हा करून त्यांतल्या जेमतेम ३६ टक्क्यांत सार्थ (नुसता योगायोग म्हणता येणार नाही असा) निकाल आला, हे २०१५मध्ये मानसशास्त्रज्ञांनीच छापलं. आपलं घर असं चव्हाट्यावर झाडायला छाती लागते.

रांगडा गडी

अवांतर: इराकमधल्या अबू ग्रैब तुरुंगात अमेरिकन सैनिकांनी कैद्यांचा छळ केला, त्या खटल्यात एका सार्जंटच्या बचावासाठी झिंबार्डोच साक्षीला उभे राहिले होते ना? परिस्थितीनं माणूस बिघडतो म्हणून?

निवृत्त मास्तर

हो, २००४मध्ये. तरी आठ वर्षांची शिक्षा झालीच. अवांतर कसलं, हे वर्गात सांगायलाच हवं. मला तरी ही साक्ष फार खटकते. रक्षकांतले साधारण एक तृतीयांशच क्रूर वागले, असं झिंबार्डो स्वतःच सांगायचे. बाकीचे तशाच परिस्थितीत होते की.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. गुरुवारी जॅफीची टेप ऐकवते, मराठीत उतरवूनही देईन. पण पेपर तपासणारे परगावचे असतात आणि त्यांच्याकडच्या नमुना उत्तरात "भूमिकेमुळे वर्तन बदलते" एवढंच असतं. त्या मुलीनं ल तेक्सिए लिहिलं आणि मार्क गेले तर?

निवृत्त मास्तर

आधी झिंबार्डोंचा निष्कर्ष "झिंबार्डोंच्या मते" म्हणून लिहायला सांगा, त्यात मार्क वसूल होतात. मग खाली आक्षेप आणि सालं. मी वर्षानुवर्षं पेपर तपासलेत, साल बरोबर दिसलं की तपासणारा सहसा हात आखडत नाही.