मदत हवी: गायीच्या जखमेतल्या अळीवरून माशी कोणती ते ठरत नाहीये

माळरान
मागच्या श्वासरंध्रांभोवतीचं पेरिट्रीम (कडक कडं) एका बाजूला उघडं आहे, बटण (त्या कड्यातला गोल ठिपका) दिसत नाही. काही अळ्यांच्या रंध्रात तीन फटी, काहींत दोनच. एका कीप्रमाणे (प्रजाती ओळखायच्या तक्त्याप्रमाणे) क्रायसोमिया ही माशी येतेय, दुसरीप्रमाणे सार्कोफॅगा. स्लाइड इतकी काळपट आहे की फोटो टाकून उपयोग नाही. सोमवारी गाइडना नाव सांगायचंय. कृपया लवकर सांगा.

गुरांचा_डॉक्टर
आधी जनावराकडे बघा. टर्पेंटाइनचा बोळा जखमेत ठेवला की आत घुसलेल्या अळ्या वर येतात, त्या चिमट्याने एकेक काढा. आयव्हरमेक्टिन कातडीखाली, किलोला २०० मायक्रोग्रॅम. दुभती असेल तर दुधाचं बघून घ्या. माशी कुठली का असेना, उपचार तोच.

रानवेल
आमच्याकडे अजूनही सीताफळाचा पाला वाटून जखमेत भरतात. अळ्या पटापट बाहेर पडतात, स्वतः पाहिलंय.

माळरान
गायीवर उपचार झालेत, ती बरी आहे. मला फक्त प्रजाती हवी आहे.

सूक्ष्मदर्शी
दोन फटींच्या अळ्या बाजूला ठेवा, त्या वाढीच्या दुसऱ्या अवस्थेतल्या आहेत. बहुतेक कीज तिसऱ्या अवस्थेच्या, म्हणजे तीन फटींच्या अळीसाठी असतात. आता हे सांगा: अळ्या मारल्या कशा? कशात ठेवल्या? अख्खी अळी स्लाइडवर आहे की मागचं टोक कापलंय? आणि की कुठल्या देशाची?

माळरान
जिवंतच फॉर्मॅलिनमध्ये टाकल्या. अख्खी अळी, वर कव्हरस्लिप. एक की अमेरिकन आहे.

सूक्ष्मदर्शी
मग काळपट दिसणारच. नव्या अळ्या मिळाल्या तर उकळीच्या जवळपास तापलेल्या पाण्यात अर्धा मिनिट सोडा. त्या ताणून सरळ होतात, रंगही टिकतो. नंतर ७० ते ८० टक्के अल्कोहोल.

आहेत त्यांचं मागचं टोक ब्लेडने आडवं कापा. ते टोक आणि डोक्याकडचे पहिले काही खंड १० टक्के कॉस्टिक पोटॅशमध्ये रात्रभर ठेवा. आतलं मांस विरघळलं की धुवा, अल्कोहोलच्या पायऱ्या द्या, लवंग तेलात पारदर्शक करा. मागचा तुकडा रंध्रं वर येतील असा सपाट बसवा. तिरका बसला की बंद पेरिट्रीमही उघडं भासतं, ल्युसिलिया या दुसऱ्या माशीच्या बाबतीत हा घोळ हमखास होतो. तिचं पेरिट्रीम पूर्ण बंद असतं आणि त्यातच बटण असतं.

सार्कोफॅगासाठी फटी मोजत बसू नका. तिची मागची रंध्रं खोल खड्ड्यात बुडालेली असतात. हे स्लाइड करण्याआधी, साध्या स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतं. खड्डा आहे का?

अमेरिकन की तुम्हाला कॉक्लिओमिया होमिनिव्होरॅक्सकडे नेईल. तिच्या तिसऱ्या अवस्थेत मागच्या जाड श्वासनलिका काळ्या असतात. ती माशी आपल्याकडे नाही, तो भाग सोडून द्या.

बारकोड
एवढी खटपट कशाला? सीओआय जनुकाचा (ज्यावरून डीएनएने प्रजाती ओळखतात) क्रम काढा, विषय संपला. आकारावरून ओळखणं आता मागे पडलंय.

सूक्ष्मदर्शी
फॉर्मॅलिनमधल्या अळीतून? डीएनएचे तुकडे पडलेले असतात. आणि सोमवारपर्यंत कोण क्रम काढून देणार? डीएनए जरूर करावं, पण त्याआधी अळी नीट बघावी.

लिव्हरवर_वाढवा
सरळ मार्ग सांगतो. कलेजीवर अळ्या वाढवा, माशी बाहेर आली की ओळखा. मी नेहमी हेच करतो.

सूक्ष्मदर्शी
क्रायसोमियाच्या मेगासेफाला जातीवर करत असाल. तिचीच दुसरी जात बेझियाना जिवंत मांसावरच वाढते. पूर्ण वाढलेली अळी असेल तर गोष्ट वेगळी. ती जखमेतून जमिनीवर पडून कोष करते, तशी अळी भुशात ठेवली तर माशी मिळू शकते.

लिव्हरवर_वाढवा
मी तेच म्हणतोय, वाढवून बघा.

हापूसवाला
माझ्या आंब्यात बारीक अळ्या निघाल्या, टेबलावर अंग वाकवून उड्या मारतात. हीच माशी का? २०१४ मध्ये युरोपने आंबा बंद केला तो फळमाशीमुळेच. २०१५ च्या जानेवारीत बंदी उठली, पण तेव्हाचं नुकसान आम्ही विसरलेलो नाही.

रानवेल
दादा, उड्या मारते ती फळमाशीची अळी. बागेत मिथाइल युजेनॉलचे सापळे लावा, पडलेली फळं गोळा करून खोल पुरा. गायीच्या माशीशी संबंध नाही.

माळरान
सूक्ष्मदर्शी, खड्डा नाही. पोटॅश दिल्यावर मागचं टोक स्वच्छ दिसतंय. तीन सरळ फटी, पेरिट्रीम खरंच उघडं. म्हणजे क्रायसोमिया. पण बेझियाना की मेगासेफाला?

सूक्ष्मदर्शी
त्यासाठी पुढचं टोक बघा. दुसऱ्या खंडावर दोन्ही बाजूंना पंख्यासारखं पुढचं श्वासरंध्र असतं, त्याची बोटं मोजा. बेझियानात साधारण चार ते सहा, मेगासेफालात दहाच्या आसपास किंवा जास्त. अंगावरच्या काट्यांचे पट्टेही बघा, बेझियानात ते ठळक असतात, काटे मोठे.

माळरान
पाच बोटं, दोन्ही बाजूंना. काटे मोठे आणि दाट. त्या बरणीतल्या अजून दोन अळ्यांतही पाच.

गुरांचा_डॉक्टर
बेझियाना निघाली असेल तर माझं "कुठली का असेना" मागे घेतो. ही अळी धडधाकट मांस खात आत जाते. त्याच गोठ्यातल्या नुकत्या व्यालेल्या गायी आणि वासरांच्या नाळा आजच तपासा. मादी एका वेळी दीड-दोनशे अंडी घालते, ती दिवसभरात फुटतात.

सूक्ष्मदर्शी
बरणीतल्या उरलेल्या अळ्याही बघा, विशेषतः जखमेच्या कडेवरून घेतलेल्या. एकाच जखमेत आधी बेझियाना आणि मागून सडक्या मांसावर दुसरी माशी, असं होतं. गाइडना नाव सांगताना किती अळ्या बघितल्या तेही सांगा, आणि स्लाइडवर गाव व तारीख आत्ताच लिहून ठेवा.