पगाराचा गुणाकार पुरेसा नाही

परदेशातला पगार विनिमय दराने रुपयांत मोजून 'तिकडे पगार चौपट, म्हणजे राहणीमान चौपट' असा हिशोब काहीजण मांडतात. तो मला मुळीच पटत नाही. चलनाचा विनिमय दर मुख्यतः आयात-निर्यात आणि भांडवलाच्या उलाढालीवर ठरतो. घरभाडं, केस कापणं, मूल सांभाळायला माणूस ठेवणं या गोष्टी सीमेपलीकडून आणता येत नाहीत, त्यामुळे त्यांचे भाव दोन देशांत अतिशय वेगळे असतात. निदान क्रयशक्तीच्या हिशोबाने, म्हणजे त्या पैशात तिथे प्रत्यक्षात किती विकत घेता येतं हे पाहून, तरी तुलना करा.

अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी अमर्त्य सेन यांच्या मदतीने 1990 मध्ये देशांची प्रगती मोजणारा मानव विकास निर्देशांक आणला, तो उत्पन्नावरची भिस्त कमी करण्यासाठीच. त्यात आयुर्मान आणि शिक्षण येतं. उत्पन्नही येतं, पण लॉगरिदमने. म्हणजे हजार डॉलरचे दोन हजार झाले तर जितकी भर पडते, तितकीच वीस हजारांचे चाळीस हजार झाल्यावर. हे मला फार न्याय्य वाटतं. गरिबाच्या हातात आलेला पैसा आयुष्य जास्त बदलतो. 2010 पासून तिन्ही घटकांचा भूमितीय मध्य (तिन्हींच्या गुणाकाराचं घनमूळ) काढतात, त्यामुळे आयुर्मानातली उणीव नुसत्या श्रीमंतीने सहज भरून निघत नाही.

तरी बाईला रात्री निर्धास्त फिरता येतं का, हे त्यात नाहीच. प्रवासात जाणारे तासही नाहीत. देश निवडताना मी आधी विचारेन: नोकरी गेली आणि त्याच महिन्यात घरातलं कुणी आजारी पडलं, तर उपचार कोणाच्या पैशाने होतील? शिवाय, स्थलांतरिताला तिथे राहू देतील का?