मुलीला शाळेतून काढून घरीच शिकवावे का?

धागाकर्ती

आमची मुलगी आठ वर्षांची आहे. तिला शाळेतून काढून घरीच शिकवावे की नाही, या प्रश्नावर आम्हा दोघांचे अजून एकमत झालेले नाही. ती अभ्यासात मागे नाही. मात्र परवा गणिताचे बरोबर आलेले उत्तर तिने खोडले, कारण ते वर्गात शिकवलेल्या रीतीने आले नव्हते. मग पुन्हा लिहिले, पुन्हा खोडले आणि शेवटी वहीचे पान फाटले. "उत्तर बरोबर असले तरी फुली मिळते," असे ती म्हणाली. तिच्या शिक्षिकेला मी दोष देत नाही, कारण चाळीस वह्या एका बैठकीत तपासणाऱ्या व्यक्तीने प्रत्येक मुलाची विचार करण्याची रीत समजून घ्यावी, ही अपेक्षाच अवाजवी आहे. बेंजामिन ब्लूम या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने १९८४ मध्ये मांडले होते की, एकास एक शिकवलेला सर्वसाधारण विद्यार्थी नेहमीच्या वर्गातील सुमारे ९८ टक्के विद्यार्थ्यांच्या पुढे जातो. मग हे आपणच घरी का देऊ नये, असे मला वाटते.

प्रतिसाद १

माझा या निर्णयाला विरोध आहे. ब्लूम यांनी आधार घेतलेल्या प्रयोगांत शिकवणारे त्या मुलांचे पालक नव्हते आणि ते प्रयोग काही आठवड्यांपुरते होते. पुढच्या अभ्यासांत तर इतका मोठा फरक आढळलाही नाही. पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. वर्गात मिळालेल्या फुलीचे दुःख मुलीने घरी येऊन तुम्हाला सांगितले. उद्या फुली मारणाऱ्याही तुम्हीच असाल, तेव्हा ती कोणाकडे जाईल? शिकवताना आवाज चढतोच, कितीही ठरवले तरी चढतो, आणि त्यानंतर जवळ घ्यायला घरात आई उरावी लागते. मी स्वतःच्या मुलाला केवळ एक सुट्टीभर शुद्धलेखन शिकवले, तर तो माझी चाहूल लागताच वही मिटू लागला होता.

प्रतिसाद २

आम्ही चार वर्षे मुलाला घरी शिकवत आहोत, म्हणून वरील मताशी मी अंशतःच सहमत आहे. वही मिटली जाते ती आपण घरात शाळा भरवतो तेव्हा. आमचे पहिले सहा महिने असेच वाया गेले: वेळापत्रक, तास, चाचण्या, आणि रोज संध्याकाळी रडारड. ते सारे सोडून दिल्यावर गोष्टी बदलल्या. अपूर्णांक तो दोरीच्या घड्या घालून शिकला. एक तृतीयांश आणि एक चतुर्थांश मिळून किती, हे सांगण्यासाठी दोरीचे बारा समान भाग करावे लागतील, हे त्याने स्वतः शोधले आणि त्या एका गोष्टीसाठी आम्ही तीन दिवस दिले. वर्गाला तीन दिवस थांबता येत नाही. लिहिण्यावाचण्याचा अभ्यास आता दिवसाला दोन-अडीच तासांत आटोपतो. याची किंमत मात्र लपवणार नाही: माझी नोकरी अर्धवेळ झाली, आणि प्रयोगशाळेची गरज लागेल तेव्हा काय करायचे, याचे उत्तर आमच्याकडे अजून नाही.

प्रतिसाद ३

चर्चा पालकांच्या सोयीभोवतीच फिरत आहे. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यातील २६ व्या कलमात प्राथमिक शिक्षण सक्तीचे असावे असेही म्हटले आहे आणि कोणत्या प्रकारचे शिक्षण द्यायचे हे निवडण्याचा अग्रहक्क पालकांचा आहे असेही म्हटले आहे. सगळा पेच तिथेच आहे. इंग्लंडचा कायदा शाळेत "किंवा अन्य प्रकारे" शिकवण्याची मुभा देतो. उलट जर्मनीत शाळेत जाणे सक्तीचे आहे, आणि २००६ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ती सक्ती ग्राह्य धरली, कारण वेगळ्या विचारांच्या मुलांनी एकत्र वाढण्यात समाजाचे हित आहे, हा युक्तिवाद त्याला पटला. मला हा युक्तिवाद पटतो. शिवाय मुलाला आईवडिलांखेरीज आणखी एका मोठ्या माणसाने रोज पाहावे, हे मला फार महत्त्वाचे वाटते. माझी नजर अधू आहे हे घरी कोणाच्याच लक्षात आले नव्हते. मी फळ्यावरचे सोडून शेजारणीच्या वहीतले उतरवून घेते, हे बाईंनी हेरले, म्हणून मला चष्मा लागला.

धागाकर्ती

तिसऱ्या प्रतिसादातील चष्म्याचा प्रसंग वाचून मी बराच वेळ थांबले, कारण मीही तिच्या शिक्षिकेशी आजवर केवळ गुणांविषयीच बोलले आहे. या आठवड्यात ती फाटलेली वही घेऊन त्यांना भेटणार आहे. दुसरी रीतही बरोबर धरली जावी, एवढी एकच विनंती करायची आहे. ती मान्य झाली तर हे वर्ष तरी मुलगी शाळेतच राहील. न झाल्यास मात्र, पहिल्या प्रतिसादातील भीती खरी आहे हे मान्य करूनही, आम्ही घरी शिकवून पाहू, आणि अशा वेळी गणित मी न शिकवता तिच्या वडिलांनी शिकवावे, असे आमचे ठरले आहे.

प्रतिसाद १

वडिलांनी शिकवल्याने प्रश्न सुटत नाही, तो केवळ खांदा बदलतो. पण वही घेऊन जाण्याचे तुम्ही ठरवलेत, याचा मला मनापासून आनंद झाला. जाताना मुलीलाही सोबत न्या आणि ती रीत तिलाच समजावून सांगू द्या.