दोन सेकंद उरले असताना लढत थांबवणे योग्य होते का?

सह्यवारा (प्रश्न)

नमस्कार. १७ मार्च १९९० रोजी लास व्हेगासच्या हिल्टन हॉटेलमध्ये झालेली हुलिओ सेझार चावेझ आणि मेल्ड्रिक टेलर यांची मुष्टियुद्धाची लढत मी गेल्या आठवड्यात प्रथमच पहिल्या फेरीपासून सलग पाहिली. आजवर तिच्या शेवटच्या अर्ध्या मिनिटाची चित्रफीत तेवढी अनेकदा पाहिली होती आणि पंच रिचर्ड स्टील यांनी टेलरवर घोर अन्याय केला, असे तेवढ्यावरूनच माझे पक्के मत झाले होते. सबंध लढत पाहिल्यावर ते मत डळमळीत झाले आहे, म्हणून जाणकारांपुढे हा विषय मांडत आहे.

ज्यांना ही लढत ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वजनगट १४० पौंडांचा, म्हणजे सुमारे साडेत्रेसष्ट किलोंचा होता. मुष्टियुद्धाच्या जागतिक संघटनांपैकी चावेझ डब्ल्यूबीसीचा विजेता, टेलर आयबीएफचा, आणि तोवर दोघांपैकी एकही जण व्यावसायिक लढत हरलेला नव्हता. टेलरने १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवले होते आणि त्याच्या हातांचा वेग असा की, चावेझचा एक ठोसा निघेपर्यंत याचे तीन-चार बसलेले असत. बाराव्या फेरीला सुरुवात झाली तेव्हा तीनपैकी दोन गुणलेखकांच्या पत्रिकांवर टेलर इतका पुढे होता की, ती फेरी हरूनही तो जिंकला असता. शेवटचे वीसेक सेकंद उरले असताना चावेझचा उजवा ठोसा बसला आणि टेलर कोपऱ्यात खाली गेला. दोरी धरून तो सहाच्या मोजणीला उभा राहिला. स्टील यांनी मोजणी पूर्ण करून, तो ठीक आहे का, असे त्याला दोनदा विचारले. टेलरची नजर त्या वेळी प्रशिक्षक लू ड्यूवा यांच्याकडे वळली होती, कारण ते रिंगच्या कडेवर चढून ओरडत होते. उत्तर आले नाही आणि स्टील यांनी दोन्ही हात हलवून लढत थांबवली, म्हणजे चावेझ जिंकला. घड्याळात दोन सेकंद शिल्लक होते.

पंचाने अशा वेळी घड्याळाकडे पाहावे की पाहू नये? आणि लढत थांबवण्याच्या किंवा न थांबवण्याच्या निर्णयामुळे लक्षात राहिलेल्या विजेतेपदाच्या इतर लढतींकडे आपण या दृष्टीने कसे पाहता?

जुना खेळाडू

तुम्ही सबंध लढत पाहिलीत हे फार चांगले केलेत. शेवटच्या अर्ध्या मिनिटात टेलर पडलेला दिसतो, पण तो का पडला हे त्याच्या आधीच्या पस्तीस मिनिटांत आहे. फेऱ्या टेलर जिंकत होता हे खरे, मात्र त्याचे ठोसे गुण मिळवणारे होते आणि चावेझचे मोजके ठोसे इजा करणारे होते. आठव्या-नवव्या फेरीनंतर टेलरचा चेहरा पाहा. ओठ फाटलेला, डोळ्यांभोवती सूज चढलेली, आणि तोंडातले रक्त तो थुंकण्याऐवजी गिळत होता. लढतीनंतर त्याला थेट रुग्णालयात नेण्यात आले. त्याच्या चेहऱ्याचे हाड मोडले होते. स्टील यांच्यासमोर दोन हातांच्या अंतरावर जो माणूस उभा होता, तो हा होता.

पंचाचे काम निकाल जपण्याचे नाही. वेळेसाठी वेळाधिकारी असतो आणि गुणांसाठी तीन गुणलेखक असतात, तर रिंगच्या आत उभ्या असलेल्या तिसऱ्या माणसाकडे फक्त एकच प्रश्न सोपवलेला असतो, की समोरचा मुष्टियोद्धा स्वतःचा बचाव करू शकतो का. स्टील यांनी लढतीनंतर लगेच हेच सांगितले होते. वेळ पाहणे हे आपले काम नाही, माणसाला पुरेसे झाले आहे असे दिसले की आपण लढत थांबवतो, असा त्यांच्या बोलण्याचा अर्थ होता.

स्टील हे घाबरून लढती थांबवणारे पंच नव्हते, हेही सांगायला हवे. १५ एप्रिल १९८५ रोजी सीझर्स पॅलेसमध्ये झालेल्या मार्विन हॅगलर आणि थॉमस हर्न्स यांच्या लढतीचे पंच तेच होते. जेमतेम आठ मिनिटांची ती लढत आजही माझ्या अंगावर काटा आणते. पहिल्याच फेरीत हॅगलरच्या कपाळावर जखम झाली आणि हर्न्सचा उजवा हात मोडला. तिसऱ्या फेरीत रक्त इतके ओघळू लागले की, स्टील यांनी खेळ थांबवून हॅगलरला डॉक्टरांकडे नेले. पाहणाऱ्यांना वाटले, संपले. डॉक्टरांनी पुढे खेळण्याची परवानगी दिली आणि हॅगलरने त्याच फेरीत हर्न्सला खाली पाडले. हर्न्स मोजणी संपण्याआधी कसाबसा उठला, पण त्याचे पाय त्याचे राहिले नव्हते. स्टील यांनी त्याला अक्षरशः कवेत घेऊन लढत संपवली. रक्त वाहत असूनही हॅगलरची नजर स्थिर होती म्हणून त्याला खेळू दिले, आणि उभा राहूनही हर्न्स हरपलेला होता म्हणून त्याला थांबवले. टेलरला लावलेली कसोटी याहून वेगळी नव्हती.

ठाणेकर

आपल्या अनुभवाचा पूर्ण आदर राखून मी असहमत आहे. शेवटचे दहा सेकंद उरल्याचे दाखवणारा लाल दिवा रिंगच्या खांबावर लागलेला होता. बाराव्या फेरीच्या अखेरीस पंचाने तो लक्षात घेऊ नये, हे मला पटत नाही. दोन सेकंदांत चावेझला तटस्थ कोपऱ्यातून टेलरपर्यंत पोहोचणेसुद्धा शक्य नव्हते, म्हणजे ज्या धोक्यापासून टेलरला वाचवले तो धोका प्रत्यक्षात उरलेलाच नव्हता. माणसाचा जीव निकालापेक्षा मोठा आहे यात वाद नाही. मात्र इथे जीव वाचवण्यासाठी निकालाची किंमत मोजावी लागलीच नसती.

उलट उदाहरणही पाहा. ७ मे २००५ रोजी लास व्हेगासच्या मँडले बे येथे डिएगो कोरालेस दहाव्या फेरीत होसे लुईस कॅस्टिओकडून दोनदा खाली पडला. दोन्ही वेळा त्याचे दातांचे संरक्षक कवच (माउथपीस) तोंडाबाहेर आले, ते धुऊन पुन्हा बसवण्यात मौल्यवान सेकंद मिळाले, आणि दुसऱ्या वेळी पंच टोनी वीक्स यांनी त्याचा एक गुणही कापला. एक डोळा जवळजवळ मिटलेला, दुसराही मिटत आलेला. तिथे लढत थांबवली असती तर कोणीही वीक्स यांना दोष दिला नसता. त्यांनी थांबवली नाही, आणि त्याच फेरीत मिनिटभराच्या आत कोरालेसने कॅस्टिओला दोरीवर गाठून असे ठोसे लगावले की, कॅस्टिओचे हात खाली आले आणि वीक्स यांना त्याच्यासाठी लढत थांबवावी लागली. माणूस किती उरला आहे हे बाहेरून नेहमी कळतेच असे नाही.

कोपऱ्यातला

मी अनेक वर्षे जिल्हा पातळीवरच्या हौशी स्पर्धांत मुलांच्या कोपऱ्यात बसलो आहे, त्यामुळे माझे लक्ष या सगळ्या लढतींत पंचापेक्षा स्टुलाशेजारी वाकलेल्या माणसाकडे जाते. लढत थांबवण्याचा अधिकार पंचाला आहे, पण खेळाडूला सगळ्यांत जवळून पाहणारा कोपऱ्यातलाच असतो. प्रत्येक फेरीनंतर एक मिनिट त्याचा चेहरा आपल्या दोन हातांत असतो. पाणी पाजताना तो घोट नीट घेतो का, विचारलेल्याला उत्तर देतो का, बर्फ लावल्यावर दचकतो का, हे पंचाला दिसत नाही.

म्हणून माझ्या मते विजेतेपदाच्या लढतींतला सगळ्यांत मोठा निर्णय जो फ्रेझरचे प्रशिक्षक एडी फच यांचा आहे. १ ऑक्टोबर १९७५, मनिलाजवळच्या क्वेझोन सिटीचे अरानेटा कोलिझियम. अमेरिकेतल्या प्रेक्षकांना सोयीची वेळ साधावी म्हणून लढत सकाळी ठेवलेली, आणि आत असह्य उकाडा. मुहम्मद अली आणि जो फ्रेझर यांची ही तिसरी गाठ होती. १९७१ मध्ये न्यूयॉर्कला फ्रेझरने पंधराव्या फेरीत डाव्या हुकने, म्हणजे बाजूने वळवून मारलेल्या ठोशाने, अलीला खाली पाडून सामना जिंकला होता आणि १९७४ मध्ये अलीने गुणांवर परतफेड केली होती. मनिलात सुरुवातीच्या फेऱ्या अलीच्या, मधल्या फेऱ्यांत फ्रेझर त्याच्या बरगड्यांवर घणासारखा कोसळतो आहे, आणि बाराव्यापासून पुन्हा अली. तेराव्या फेरीत फ्रेझरचे दातांचे कवच उडून प्रेक्षकांत गेले. चौदाव्या फेरीत त्याला अलीचे उजवे ठोसे येताना दिसतच नव्हते. त्याचा उजवा डोळा सुजून मिटत आला होता, आणि डाव्या डोळ्याने आपल्याला अनेक वर्षे नीट दिसत नसे, हे त्याने पुढे स्वतःच सांगितले. याचा अर्थ तो जवळजवळ आंधळा होऊन जगातल्या सर्वोत्तम मुष्टियोद्ध्यासमोर उभा होता.

उरली होती एकच फेरी. फ्रेझर उठू पाहत होता, विरोध करत होता. फच यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बसवले आणि आज तू इथे जे केलेस ते कोणीही विसरणार नाही, अशा अर्थाचे शब्द सांगून लढत थांबवली. रिंगमध्ये मुष्टियोद्ध्यांना मरताना त्यांनी पाहिलेले होते. पलीकडच्या कोपऱ्यात अलीही गलितगात्र झाला होता. मरणाच्या इतक्या जवळ आपण कधी गेलो नव्हतो, असे त्याने पुढे सांगितले. फ्रेझरला तो निर्णय कधी मनापासून पटला नाही, आणि तरीही मला फच यांच्याइतका आदर दुसऱ्या कोणत्याही प्रशिक्षकाबद्दल वाटत नाही.

एकदा एका स्पर्धेत मी तिसऱ्या फेरीच्या मध्यावर टॉवेल आत टाकला होता, म्हणजे आपल्या बाजूने लढत सोडली होती. मुलगा गुणांवर पुढे होता असे सगळे म्हणत होते. तो माझ्याशी दोन महिने बोलला नाही. पण दुसऱ्या फेरीनंतर मी त्याला विचारले होते की, ही कितवी फेरी, आणि तो ‘पहिली’ म्हणाला होता. त्याला तिसऱ्या फेरीसाठी मुळातच उठू द्यायला नको होते, एवढीच खंत मला आजही आहे.

अलीच्या बाबतीत त्याचे प्रशिक्षक अँजेलो डंडी यांनाही हे करावे लागले. २ ऑक्टोबर १९८०, मनिलानंतर पाच वर्षे आणि एक दिवस. अडतीस वर्षांचा अली लॅरी होम्सचे ठोसे नुसते सोसत होता. दहाव्या फेरीनंतर डंडी यांनी लढत थांबवायला सांगितले, तर अलीचा जुना सोबती बंडिनी ब्राउन आणखी एक फेरी मागत होता. कोपऱ्याचा प्रमुख मी आहे, असे डंडी यांनी बजावले. माझ्या मते तोही निर्णय चार-पाच फेऱ्या उशिरा आला.

नाशिकची वाचक

वरच्या चर्चेत एक दुवा राहून गेला आहे. त्या होम्स-अली लढतीचे पंच रिचर्ड ग्रीन होते. दोन वर्षांनी, १३ नोव्हेंबर १९८२ रोजी, सीझर्स पॅलेसच्याच उघड्या आवारात रे मॅन्सिनी आणि दक्षिण कोरियाचा किम डुक-कू यांच्यात डब्ल्यूबीएच्या लाइटवेट विजेतेपदाची लढत झाली, तिचेही पंच तेच होते. किमने हॉटेलच्या खोलीतल्या दिव्याच्या झाकणावर ‘जगू किंवा मरू’ अशा अर्थाचे शब्द कोरियन भाषेत लिहून ठेवले होते. तेराव्या फेरीत मॅन्सिनीने ठोशांचा वर्षाव केला तरी किम पडला नाही, उलट प्रतिकार करत राहिला. चौदाव्या फेरीच्या एकोणिसाव्या सेकंदाला लढत संपली. खाली पडलेला किम दोरीला धरून उठला होता, ग्रीन यांनी क्षणाचाही विलंब न लावता ती थांबवली, आणि तरीही उशीर झालेला होता. मेंदूतल्या रक्तस्रावामुळे काही दिवसांतच किमचा मृत्यू झाला.

त्याच वर्षाअखेरीस डब्ल्यूबीसीने विजेतेपदाच्या लढती पंधरा फेऱ्यांवरून बारा फेऱ्यांवर आणल्या आणि पुढच्या काही वर्षांत इतर संघटनांनीही तेच केले. चावेझ आणि टेलर यांची लढत बारा फेऱ्यांची होती ती त्यामुळेच. जुन्या नियमानुसार टेलरपुढे तेव्हा दोन सेकंद उरले नसते, तर दोन सेकंद आणि आणखी तीन पूर्ण फेऱ्या उरल्या असत्या, आणि त्या अवस्थेत त्याला पुढे खेळू द्यावे असे इथे कोणीही म्हटले नसते, असे मला वाटते. ठाणेकर, आपला मुद्दा घड्याळावर उभा आहे, आणि ते घड्याळ किमच्या मृत्यूमुळेच तीन फेऱ्या आधी संपू लागले.

ठाणेकर

हा विचार मी केला नव्हता. लाल दिव्याबद्दलचे माझे म्हणणे मी मागे घेत नाही, पण आपण दाखवलेली गोष्ट मनात राहील.

सह्यवारा

सर्वांचे मनापासून आभार. ‘कोपऱ्यातला’ यांचा प्रतिसाद वाचून मी काल रात्री अकराव्या आणि बाराव्या फेरीमधले ते एक मिनिट पुन्हा पाहिले. टेलरला कोपऱ्यातून सांगितले जात आहे की, ही शेवटची फेरी जिंकायलाच हवी. तो पुढे होता, नुसता दूर राहून फिरत राहिला असता तरी चालले असते, आणि तो मात्र ते ऐकून चावेझशी समोरासमोर भिडायला गेला. पहिल्यांदा पाहताना हे माझ्या ध्यानातच आले नव्हते, कारण तेव्हाही मी स्टील कुठे उभे आहेत तेच शोधत होतो.

‘कोपऱ्यातला’ यांना एक विचारायचे आहे. गुणपत्रिका शेवटपर्यंत बंद असताना कोपऱ्यात गुणांचा अंदाज कसा ठेवतात? एक जण फक्त तेवढ्यासाठी बसवलेला असतो, की सगळे जण आपापल्या मनात मोजत असतात?