किटपेक्षा परीक्षा बदला
विज्ञानाच्या प्रयोगांचं साहित्य असलेलं किट शाळेत पोचलं की प्रयोग सुरू होतील, असं काहींना वाटतं. मला नाही पटत. होशंगाबादचा विज्ञान कार्यक्रम बघा. १९७२ मध्ये मध्य प्रदेशातल्या १६ शाळांत सहावी ते आठवीसाठी सुरू झाला. प्रशिक्षणात शिक्षक मुलांसारखेच गटात बसून प्रयोग स्वतः करायचे, उत्तर वेगळं आलं तर त्यावर वाद घालायचे (भाषणं ऐकून चहा-बिस्किटं खाण्यापेक्षा बरंच कष्टाचं काम!). नंतर दर महिन्याला बैठक. आणि मुख्य म्हणजे परीक्षाही बदलली: लेखी परीक्षा पुस्तक उघडून, शिवाय प्रात्यक्षिक. घोकंपट्टीचाच पेपर राहिला असता, तर किटचं कुलूप कोणी काढलं असतं? सरकारने २००२ मध्ये हा कार्यक्रम बंद केला, तेव्हा सुमारे १,००० शाळांत चालू होता.