खटखट, खट्कन की घरघर? जुन्या जीपच्या आवाजांचे शब्द

चर्चाप्रस्ताव

माझ्याकडे सीजे-३बी जातीची एक जुनी फोर-बाय-फोर जीप आहे. गेल्या पावसाळ्यानंतर तिच्या पोटाखालून आवाज येऊ लागला, तेव्हा गॅरेजमध्ये जाऊन मी 'मागून खडखड येते' एवढेच सांगितले. खडखड हा शब्द ऐकून मिस्त्रींनी, त्यांच्या दृष्टीने अगदी योग्य रीतीने, सुट्या झालेल्या लोखंडाचा शोध घेतला. सायलेन्सरच्या पट्ट्या आवळल्या, पाट्यांचे यू-बोल्ट कसले, शॅकलचे बुश बदलले. दोन दिवस गेले, पैसे गेले, आणि आवाज होता तिथेच राहिला. पुढे दोष सापडला तो प्रोपेलर शाफ्टच्या, म्हणजे इंजिनाचा जोर आसाकडे नेणाऱ्या फिरत्या दांड्याच्या, मागच्या क्रॉसमध्ये (टोकाच्या चौफुली सांध्यात). क्रॉसच्या टोकांवर बसणाऱ्या टोप्यांपैकी एकीतले ग्रीस पाण्याने धुऊन गेले होते आणि टोपीच्या कडेला तांबूस गंजाची पूड जमली होती. हा आवाज मुळात खडखड नव्हताच. गाडी हळू चालत असताना तो मोटेच्या चाकासारखा कुईकुई होता, आणि गिअर टाकून क्लच सोडताना एकदाच खट्कन वाजत होता. चूक माझ्या शब्दाची होती, मिस्त्रींची नव्हे.

म्हणून हा विषय मांडतो आहे. व्याकरणात ज्यांना आपण अनुकरणवाचक अभ्यस्त (आवाजाची नक्कल करणारे, पुनरुक्तीचे) शब्द म्हणतो, त्यांच्याकडे बहुधा शोभेचे किंवा बालगीतांचे शब्द म्हणून पाहिले जाते. वास्तविक त्यांच्या रूपातच मोजमाप दडलेले असते. खट्कन, खाडकन, धाडदिशी ही रूपे एकदाच झालेला आवाज सांगतात. खटखट पुन्हा पुन्हा होणारा सांगते. आणि खडखडाट म्हटले की त्यातला सुटा ठोका वेगळा ऐकूच येत नाही. गाडीच्या बाबतीत हा भेद अतिशय मोलाचा आहे. एकदाच होणारा आवाज म्हणजे थांबलेल्या गाडीने पुढे किंवा मागे जोर घेताना शाफ्ट, क्रॉस आणि हाउसिंगमधला (आसाच्या मधल्या, गिअर असलेल्या पेटीतला) सगळा प्ले, म्हणजे ढिलेपणा, एका झटक्यात भरून निघाल्याचा आवाज. ठरावीक ताल धरून होणारा आवाज म्हणजे फिरणाऱ्या वस्तूचा दोष.

फिरणारी वस्तू कोणती, हेही मोजता येते. या जातीच्या जीपच्या हाउसिंगमध्ये क्राउनला (चाकांकडच्या मोठ्या दातेरी चाकाला) ४३ आणि पिनियनला (शाफ्टकडच्या लहान दातेरी चाकाला) ८ दाते असतात, म्हणजे प्रमाण ५.३८ पडते. चाक एकदा फिरते तेव्हा प्रोपेलर शाफ्टचे साडेपाचच्या आसपास फेरे होतात. माणसाच्या चालीने, म्हणजे ताशी पाच किलोमीटरने गाडी नेली, तर चाकाला एक फेरा पुरा करायला दीड सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो, पण शाफ्ट एका सेकंदात तीनदा फिरून मोकळा होतो. माझी कुईकुई सेकंदाला तीनदा होत होती. हे मी आधी मोजले असते, तर बुश बदलण्याची वेळ आली नसती.

माझा प्रश्न असा : खडखड, खटखट, टकटक, करकर, कुरकुर, घरघर, गुरगुर, भुणभुण या शब्दांत आपापल्या भागात काय फरक केला जातो? मला असे वाटते की कठोर व्यंजनांचे शब्द आपटण्याला आणि घ, ग, भ अशा मृदू व्यंजनांचे शब्द सलग फिरण्याला वापरले जातात.

प्रतिसाद

आपला नियम धडधड, धाडकन आणि दणदण या शब्दांपाशीच अडतो, कारण ध आणि द मृदू असूनही हे शब्द आपटण्याचेच आहेत. फक्त आपटणारी वस्तू जड आहे. मला पहिल्या अक्षरापेक्षा दुसरे अक्षर अधिक बोलके वाटते. घरघर, गुरगुर, करकर, कुरकुर, सरसर यांत र आहे, आणि या सर्वांत काहीतरी घासते, गडगडते किंवा सरकते. खटखट, खडखड, धडधड, टकटक यांत ट, ड किंवा क आहे, आणि तिथे वस्तू वस्तूवर आदळते. बंद डब्यात सुटा खिळा हलावा तसा आवाज असेल, तर ळ येतो आणि आपण खुळखुळ म्हणतो. हा नियम सगळीकडे लागू पडेल असा दावा मी करणार नाही. किणकिण आणि गुणगुण हे शब्द त्यात बसत नाहीत. तरीही गाडीखाली पडून ऐकताना तो उपयोगी पडावा.

घरघर या शब्दाबाबत मात्र सावध राहावे. जात्याची घरघर ही चांगल्या, चालत्या वस्तूची घरघर आहे. पण 'घरघर लागणे' हा वाक्प्रचार अखेरच्या श्वासाचा आहे. 'गाडीत घरघर येते' म्हटले तर बेअरिंग तपासावे लागेल, आणि 'गाडीला घरघर लागली' म्हटले तर गिऱ्हाईक शोधावे लागेल. एका प्रत्ययाने गाडी भंगारात जाते. (करकर आणि करकरीत यांचेही असेच आहे. करकरणारा बूट नवा असतो, करकरणारे दार जुने.)

प्रतिसाद

मी गॅरेजच्या बाजूने लिहितो. आमच्याकडे हाउसिंगचा सलग, सुरातला आवाज सांगताना 'हाउसिंग रडते' असे म्हणतात. क्राउन-पिनियनचे दात झिजले किंवा पिनियनचे बेअरिंग ढिले झाले की असे रडणे सुरू होते, आणि त्याची खूण अशी की रेस दिल्यावर आणि सोडल्यावर सूर बदलतो. चाकाच्या बेअरिंगला कोणी रडणे म्हणत नाही. तिथे शब्द गुरगुर किंवा घरघर; ती वेगाबरोबर वाढते, रेसशी तिला काही देणेघेणे नसते, आणि मोकळ्या रस्त्यावर गाडी किंचित डावी-उजवीकडे झुकवली की भार ज्या चाकावर जातो त्यानुसार ती कमी-जास्त होते. डांबरावरून सिमेंटच्या रस्त्यावर गेल्यावर आवाज बदलत असेल, तर दोष टायरचा समजावा आणि शब्दांचा फार कीस काढू नये.

आणखी एक गोष्ट सांगतो. या जुन्या जीपमध्ये ट्रान्सफर केसमधून (पुढच्या-मागच्या आसांना जोर वाटणाऱ्या गिअरपेटीतून) मागच्या चाकांकडे जाणारा जोरसुद्धा मधल्या गिअरमधून फिरून जातो, त्यामुळे फोरव्हील काढलेले असतानाही त्यातून हलका सूर येतच असतो. त्याला आम्ही आवाज म्हणत नाही. तो गाडीचा गळा आहे.

प्रतिसाद

कुरकुर हा शब्द आमच्याकडे कोरड्या वस्तूसाठीच वापरला जातो. बैलगाडीच्या आसाचे वंगण संपले की आस कुरकुरतो. वंगण घातले की गप्प होतो. वंगण घालूनही जो आवाज राहतो त्याला कुरकुर म्हणत नाहीत. क्रॉसच्या बाबतीतही हीच परीक्षा घेता येईल, मात्र एकदा आतल्या सुया (बेअरिंगचे बारीक रूळ) गंजून टोपीत खाचा पडल्या, की ग्रीस मारून चार दिवसांचीच शांतता मिळते. माणसाच्या कुरकुरीचे मूळही तेच असावे.

मूळ प्रस्तावकाचे उत्तर

दुसऱ्या अक्षराचा नियम मला पटला आणि माझा मी मागे घेतो. 'रडणे' हा शब्द तर अत्यंत नेमका आहे, कारण रडण्याला सूर असतो आणि घरघरीला नसतो.

या निमित्ताने आणखी एक शब्द सुचवतो : पीळ. या गाड्यांत फोरव्हील टाकले की पुढचा आणि मागचा आस एकमेकांना कडक जोडले जातात. मध्ये डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही आसांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची रचना, नसते. वळणावर पुढची चाके मोठ्या वर्तुळातून जातात आणि मागची लहान वर्तुळातून. चिखलात किंवा वाळूत टायर घसरून हा फरक जिरवतात, पण कोरड्या डांबरावर तो जिरत नाही आणि शाफ्टमध्ये साठत जातो. मग स्टिअरिंग जड होते, लिव्हर निघता निघत नाही, आणि शेवटी कुठलेतरी चाक सरकून धाडकन आवाज होतो. नवखा चालक काहीतरी तुटले म्हणून घाबरतो. 'गाडीला पीळ पडला आणि तो सुटला' असे म्हटले की दोष गाडीचा नसून वापराचा आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही. अशा वेळी गाडी सरळ रेषेत थोडी मागे घ्यावी. पीळ उतरतो आणि लिव्हर हाताला हलके लागते.

'प्ले' या शब्दाला 'खेळ' असा पर्याय मध्यंतरी कोणी सुचवला होता. तो मला मान्य नाही. क्रॉस ढिला आहे, एवढे म्हटले की पुरते. चाकांना दगड लावून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, खाली झोपून शाफ्ट हाताने मागेपुढे पिळावा; शाफ्ट हलला आणि त्याच्या टोकाचे योक (क्रॉस पकडणारा दुबेळका) हलले नाही, तर मधला क्रॉस ढिला. तिथे जो बारीक आवाज होतो तो टक्, एकदाच.

क्रॉस बदलल्यावर आता नवा आवाज आला आहे, तोही मागूनच. या वेळी गॅरेजमध्ये मी 'रेस दिली की बंद, सोडली की रडते, पन्नासच्या पुढे' असे सांगितले. मिस्त्रींनी काही न विचारता हाउसिंगखाली तसराळे सरकवले आणि नव्वद नंबरचे तेल काढले. तळाशी चकाकणारे काहीतरी होते. मी 'चुरा' म्हणालो. त्यांनी ते दोन बोटांत चोळून पाहिले आणि म्हणाले, 'चुरा नाही साहेब, कीस आहे.' दात फुटला असता तर चुरा झाला असता. दात झिजतो आहे, म्हणून कीस.