आजीच्या पेटीतील छायाचित्राचे वर्ष आणि ठिकाण कसे शोधावे?

प्रश्न

नमस्कार. आमचे गाव दारव्हा तालुक्यात आहे. मागच्या महिन्यात आजीची पत्र्याची पेटी आवरताना लुगड्याच्या घडीत एक कृष्णधवल छायाचित्र सापडले. कापसाने शिगोशीग भरलेली बंडी (बैलगाडी), तिच्यापुढे आजोबा, नऊवारीतील आजी, तिच्या कडेवर वर्षभराचे मूल आणि मागे टिनाच्या शेडपासून आपल्या दिशेने येणाऱ्या रुळांमध्ये उभा एक हमाल, असे दृश्य आहे. छायाचित्रावर मधोमध एक आडवी घडी दिसते. मागील बाजूस ‘आग्फा-गेवर्ट’ असे छापलेले असून स्टुडिओचा जांभळा शिक्का पुसट झाला आहे.

मोठ्या काकांचा जन्म १९५५ चा आणि बाबांचा १९६६ चा. कडेवरचे मूल या दोघांपैकी कोण, हे मला जाणून घ्यायचे आहे, कारण काका गेल्या वर्षी वारले आणि त्यांचे लहानपणचे एकही छायाचित्र घरात नाही. ठिकाण कोणी दारव्हा सांगते, तर कोणी आजीच्या माहेराकडचे पुलगाव. शोध कुठून सुरू करावा?

प्रतिसाद १

ताई, आग्फा आणि गेवर्ट या दोन कंपन्या १९६४ मध्ये एकत्र आल्या, त्यामुळे हे जोडनाव असलेला कागद त्याआधीचा असू शकत नाही. मात्र एवढ्यावरून मूल म्हणजे आपले बाबाच, असे ठरवू नका. कागदाचे वय आणि प्रसंगाचे वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुने छायाचित्र जीर्ण झाले की स्टुडिओत नेऊन त्याचीच नक्कल काढून घेण्याची पद्धत होती. त्या घडीवरून बोटाचे टोक अगदी हलके फिरवून पाहा. बोटाला खाच लागली तर घडी याच कागदावर पडलेली आहे. घडी डोळ्यांना दिसते पण कागद गुळगुळीत लागतो, असे असेल तर ती मूळ छायाचित्राची घडी असून आपल्या हातात नक्कल आहे.

महिन्यांचा अंदाज कापूसच देतो. पोळ्याला बोंडे फुटलेली नसतात. भरलेली बंडी म्हणजे दिवाळीपासून फाल्गुनापर्यंतचा काळ धरावा.

प्रतिसाद २

ठिकाणासाठी तो हमाल फार उपयोगाचा आहे. ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधील अंतर साडेपाच फूट, म्हणजे जवळजवळ माणसाच्या उंचीएवढे असते, तर आपल्या शकुंतलेच्या, म्हणजे दारव्ह्याच्या छोट्या रेल्वेच्या, रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट. हमालाच्या पायांशी रुळांमधील अंतर पट्टीने मोजून त्याच्या उंचीशी ताडून पाहा. रूळ ब्रॉडगेजचे निघाले, तर मुंबई-नागपूर मुख्य मार्गावरील पुलगाव संभवते आणि दारव्हा बाद होते. अरुंद निघाले, तर दारव्ह्यावरून जाणारा मूर्तिजापूर-यवतमाळ मार्ग जसा शक्य आहे, तसाच पुलगाव-आर्वी मार्गही शक्य आहे, हे विसरू नये.

शिक्क्याचा मोबाईलवर फोटो काढून त्यातील फक्त हिरव्या रंगाचा थर पाहिल्यास जांभळी शाई गडद दिसते. त्यात सहा आकडी पिनकोड आढळला, तर शिक्का १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. छायाचित्र नक्कल असेल, तर तो शिक्का नक्कल करणाऱ्या स्टुडिओचा असण्याचीच शक्यता जास्त.

काकांची जन्मतारीख शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरवरून घेतली असेल, तर ती कोतवाल बुकाशी, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीशी, ताडून घ्यावी. नाव घालताना गुरुजी सोयीची तारीख लिहीत, आणि येथे एका वर्षाचा फरकही महत्त्वाचा आहे.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपणा दोघांचे मनापासून आभार. घडीवरून तीन वेळा बोट फिरवले. कागद गुळगुळीत आहे. हमालाच्या उंचीच्या निम्म्याहूनही कमी अंतर रुळांमध्ये भरले, त्यामुळे पुलगावचा मुख्य मार्ग बाद झाला. नक्कल असल्याने १९६४ ची अटही उरली नाही. काकूंना फोनवर सांगितले, तेव्हा त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “ह्यांच्या डाव्या कानाची पाळी गालाला चिकटलेली होती, ते पाहा.” बाळाचा डावा कान छायाचित्रात दिसतो, पण माझ्या भिंगातून तेवढे स्पष्ट होत नाही. शनिवारी छायाचित्र घेऊन काकूंकडे जाणार आहे.